जुनी विंगमास्टर की नवी पंप-ॲक्शन? बांधणीत नेमका फरक कुठे असतो?

ट्रॅपशिकाऊ_मिशिगन

नमस्कार मंडळी. ट्रॅपसाठी (हवेत उडवलेल्या चकत्यांवरची नेमबाजी) आणि शरदात फेझंट-बदकांसाठी मिळून एकच १२ बोअर पंप-ॲक्शन शॉटगन घ्यायची आहे, म्हणजे नळीखालची मूठ (फोरएंड) मागेपुढे ओढून चालवायची. तीन पर्याय समोर आहेत.

एक, रेमिंग्टन ८७० विंगमास्टर. वापरलेली, अक्रोडाचा दस्ता, २८ इंची नळी, चोक (नळीच्या तोंडाचा आवळपणा) फिक्स्ड फुल म्हणजे न बदलता येणारा, सगळ्यात आवळ, सिरियल नंबरच्या शेवटी व्ही. दुकानदाराच्या मते सत्तरच्या दशकातली. ४२५ डॉलर.

दोन, ८७० एक्स्प्रेस, २०१२ च्या आसपासची. वापर जवळजवळ नाही, पण इजेक्शन पोर्टच्या (रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीच्या) कडेला तांबूस ठिपके आहेत. ३०० डॉलर.

तीन, कोरी मॉसबर्ग ५००.

सगळे म्हणतात जुनी घे, त्या काळचं लोखंडच वेगळं होतं. हे खरं आहे की नुसतं जुनं ते सोनं? आणि जुनी घ्यायची तर दुकानात उभ्या उभ्या काय काय तपासू?

---

लेथमास्तर

लोखंड वेगळं नव्हतं. ८७० ची मूळ रचना १९५० पासून तीच आहे. रिसीव्हर (बंदुकीचा मधला सांगाडा) पोलादाच्या अखंड तुकड्यातून कोरलेला, फोरएंडला बोल्टशी जोडणाऱ्या दोन पट्ट्या म्हणजे ॲक्शन बार, आणि बोल्टमधला (नळी मागून बंद करणारा भाग) लॉकिंग ब्लॉक वर उचलून थेट नळीच्या मागच्या एक्स्टेन्शनमधल्या खाचेत बसतो. काडतूस उडतं तेव्हा ताण बोल्ट आणि नळी यांच्यातच राहतो, रिसीव्हरवर फारसा येत नाही. विंगमास्टर आणि एक्स्प्रेस दोघींत हेच आहे. १९८७ मध्ये एक्स्प्रेस आली ती स्वस्तातली ८७० म्हणून. काटछाट झाली ती कारागिराच्या वेळेत, आणि पुढे बारीक सुट्या भागांत.

पहिली काटछाट पृष्ठभागावर. विंगमास्टरचं पोलाद आधी आरशासारखं पॉलिश करून मग ब्लूइंग (काळसर-निळा रासायनिक थर) केलेलं असतं. एक्स्प्रेसला बारीक मण्यांचा मारा करून मॅट केलं जातं आणि त्यावरच ब्लूइंग. भिंगातून पाहिलं तर हा पृष्ठभाग खडबडीत सॅंडपेपरसारखा दिसतो, त्या खळग्यांत दमट हवा आणि बोटांचा घाम अडकून राहतो. तुम्ही पाहिलेले तांबूस ठिपके त्याचेच. नख फिरवून बघा. नख अडलं तर पोलाद खाल्लं गेलंय, किंमत पाडून मागा. अडलं नाही तर तेलात भिजवलेल्या ०००० नंबरच्या स्टील वुलने हलक्या हाताने निघेल. नंतर ऊन लागून कोमट झालेल्या धातूवर पातळ तेलाचा हात फिरवायचा, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी पुसून टाकायचं. पहिल्या महिन्यात दोन-तीनदा केलं की पुरतं.

दुसरी एक्स्ट्रॅक्टरमध्ये, म्हणजे काडतूस नळीतून ओढून काढणाऱ्या आकडीत. जुना मशीनवर कापलेला, नंतरचे एमआयएम पद्धतीचे. एमआयएम म्हणजे धातूची भुकटी बंधकात मळून साच्यात दाबायची आणि भट्टीत भाजायची. भाजताना तुकडा आकाराने बराच आक्रसतो. काम चोख झालं तर काही वाईट नाही, दाब सोसणाऱ्या भागांना तर उत्तमच. पण एक्स्ट्रॅक्टरची नखी दर वेळी काडतुसाच्या कडेवर झटका खाते, आणि आत एखादी पोकळी राहिली असेल तर तिथेच तडकते. एक्स्प्रेस घेतलीत तर मशीनवर कापलेला एक्स्ट्रॅक्टर आणून बसवा. बोल्टच्या उजव्या बाजूला असतो. मागचा प्लंजर बारीक स्क्रूड्रायव्हरने मागे दाबायचा, एक्स्ट्रॅक्टर आत-पुढे फिरवून काढायचा. हे सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा, नाहीतर प्लंजरमागची स्प्रिंग खोलीत कुठे गेली ते पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत कळेल.

तिसरी चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) आतल्या सफाईत. एक्स्प्रेसच्या बऱ्याच नळ्यांत रीमरच्या (भोक कोरणाऱ्या हत्याराच्या) गोल रेघा तशाच राहिलेल्या असतात आणि स्वस्त काडतुसं त्यात रुततात. एक्स्प्रेसबद्दलची निम्मी रड याची आहे. याला उपाय आहे, लागला तर सविस्तर लिहीन.

ट्रिगर गार्ड प्लास्टिकचा झाला म्हणून लोक नाकं मुरडतात, मला त्यात काही वाटत नाही. तो ताण सोसणारा भागच नाही. आणि सत्तरच्या दशकातल्या विंगमास्टरच्या दस्त्यावरची नक्षी 'हातकाम' म्हणून विकली जाते, तीही बहुतेक साच्याने दाबलेलीच असते. हाताने कोरलेल्या नक्षीचे हिरे टोकदार आणि उठावदार लागतात, दाबलेल्यांत ते लाकडात खाली गेलेले असतात. अंगठा फिरवलात की कळतं.

आता दुकानातली तपासणी. ॲक्शन उघडून चेंबर आणि मॅगझिन (नळीखालची काडतुसं साठवायची ट्यूब) डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही पाहा, मगच पुढचं.

मॅगझिन कॅप काढा, फोरएंड अर्धा मागे घ्या, नळी पुढे ओढा. नळीखालची कडी ब्रेझिंगने जोडलेली असते, तिच्या मुळाशी केसासारखी भेग आहे का बघा. एक्स्टेन्शनमधल्या खाचेची धार आणि लॉकिंग ब्लॉकची वरची कड ठोकल्यासारखी पसरलेली नको. झिजेची चकाकी चालते, धातू सरकलेला चालत नाही. नळी उजेडाकडे धरून मागून बघा. आत अंगठीसारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. बाहेरून बोटं फिरवून खात्री करा आणि बंदूक परत ठेवा, भाव कितीही पाडला तरी.

मग रिसीव्हर. डाव्या बाजूला आत इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) रिव्हेटने बसवलेला असतो. बाहेरून त्या रिव्हेटच्या जागी रंगात वेगळा ठिपका किंवा फुगवटा दिसला तर तो कधीतरी बदलला गेलाय. बदललेला असणं गैर नाही, पण नीट झालंय का ते बघा, कारण ते काम घरी होत नाही. दोन्ही शेल लॅच (मॅगझिनमधली काडतुसं अडवून धरणाऱ्या खिट्ट्या) रिसीव्हरच्या भिंतीत दाबून बसवलेले असतात. बोटाने हलवून बघा. ट्रिगर गट बाहेर असताना किंचित खेळ चालतो, पण लॅच सुटून हातात येत असेल तर पुन्हा दाबून बसवून घ्यावा लागेल.

मॅगझिन ट्यूबला पोचा आहे का हे लाकडी काडीने फॉलोअर (स्प्रिंगच्या टोकाची, काडतुसं ढकलणारी टोपी) आत ढकलून कळतं. जिथे अडखळतो तिथे पोचा. शेवटी चार-पाच डमी काडतुसं भरून आधी सावकाश, मग जोरात ॲक्शन चालवा. दोन काडतुसं एकदम बाहेर पडली तर लॅचमध्ये दोष आहे.

नळीच्या डाव्या बाजूला, रिसीव्हरजवळ, दोन-तीन छोटी अक्षरं असतात. पहिलं अक्षर महिना सांगतं. बी-एल-ए-सी-के-पी-ओ-डब्ल्यू-डी-ई-आर-एक्स, म्हणजे 'ब्लॅक पावडर' या शब्दाची दहा अक्षरं वापरून वर आणखी दोन. छे, चुकलो, ब्लॅक पावडरचीच अकरा आणि शेवटी एक्स: बी जानेवारी, एक्स डिसेंबर. दुसरं अक्षर वर्षाचं. पण हे वय नळीचं, बंदुकीचं नव्हे. ८७० च्या नळ्या सर्रास अदलाबदल होतात.

---

दोनपट्टी

वरचं सगळं मान्य, पण मॉसबर्गला कुणी विचारतच नाही.

५०० चा रिसीव्हर ॲल्युमिनियमचा म्हणून लोक तो कमकुवत समजतात. लॉकिंग तिथेही पोलादी बोल्ट आणि पोलादी नळीच्या एक्स्टेन्शनमध्येच होतं. वजन कमी होतं आणि गंजायचा एक मोठा भाग यादीतून जातो, बदकांच्या दलदलीत हा फायदा लहान नाही. या घराण्यातली ५९०ए१ अमेरिकी लष्कराच्या ३,००० काडतुसांच्या चाचणीतून उतरलेली आहे.

इथे मात्र जुनं ते सोनं उलटं आहे. १९६० च्या दशकातल्या ५०० ला एकच ॲक्शन बार असे. फोरएंड जरा तिरका ओढला की ॲक्शन अडकायची. दोन पट्ट्या १९७० च्या सुमारास आल्या. त्यामुळे जुनी मॉसबर्ग घेताना फोरएंड मागे ओढून खाली डोकवायचं आणि पट्ट्या मोजायच्या.

दुरुस्तीत मॉसबर्ग सोपी. इजेक्टर स्क्रूने बसवलेला, पाच मिनिटांत बदलतो. ट्रिगर गट एका पिनवर निघतो. एक्स्ट्रॅक्टर दोन आहेत. काडतूस भरताना कॅरियर (काडतूस चेंबरकडे उचलणारी पट्टी) वरच राहतो, त्यामुळे हातमोजा अडकत नाही. सेफ्टी रिसीव्हरच्या मागच्या टोकाला वरच्या बाजूला, अंगठ्याखाली, डावखुऱ्यांनाही सारखीच. तिची कळ प्लास्टिकची असते, ती तुटते हे खरं. धातूची कळ आणून बदलावी. बदलताना खालची छोटी गोळी आणि स्प्रिंग सांभाळा, आणि स्क्रू फार आवळू नका, नाहीतर कळ जड होते.

फोरएंड खुळखुळतो ही तक्रार सोडून द्या. तो तसाच असतो.

---

जुना_बार

प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'बदकं' आहे आणि त्यामुळे येणारी छर्ऱ्यांची अडचण दोघांच्याही नजरेतून सुटली.

अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. म्हणजे पोलादी छर्रे. शिसं चोकमध्ये दबतं, पोलाद दबत नाही. जुन्या फिक्स्ड फुल नळीतून पोलादी छर्रे मारत राहिलात तर चोकच्या जागी नळी बाहेरून अंगठीसारखी फुगते. ही विंगमास्टर आहे तशी ट्रॅपसाठी छान, बदकांसाठी नाही. बिस्मथचे छर्रे चालतात, पण त्यांच्या किमतीत दोन हंगामांत दुसरी नळी येईल.

तेच करा. रेमचोक (रेमिंग्टनचे बदलता येणारे चोक) असलेली १२ बोअरची दुसरी नळी घ्या, मॅगझिन कॅप काढून बदलता येते. पोलादाला मॉडिफाइड किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर हे कमी आवळ चोक लावा.

आणि सिरियलच्या शेवटच्या 'व्ही'चा अर्थ नीट समजून घ्या. व्ही म्हणजे १२ बोअर, पावणेतीन इंची. तीन इंची मॅग्नमच्या रिसीव्हरवर 'एम' असतो. व्हीवर तीन इंची नळी बसते, पण काडतुसं पावणेतीनचीच वापरायची. जुन्या पावणेतीनच्या नळीत तीन इंची काडतूस घालायचा मोह तर कधीच नको. न उडालेलं काडतूस घडी घातलेलं असल्यामुळे आत बसतंसुद्धा. उडताना तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं असं इथे नसतं.

बांधणीच बघायची असेल तर ८७० च्या मागे जा. विंचेस्टर मॉडेल १२, १९१२ पासून, जवळजवळ वीस लाख बनल्या. घडीव पोलाद, भरपूर मशीनिंग, हाताने जुळवलेले भाग. म्हणूनच १९६४ मध्ये नेहमीचं उत्पादन थांबलं, त्या खर्चात ८७० शी टक्कर शक्य नव्हती. टेकडाऊन (फिरवून सुटी होणाऱ्या) नळीचा सांधा झिजून ढिला झाला तर तिथली ॲडजस्टिंग स्लीव्ह पुढच्या दातावर फिरवून खेळ काढता येतो. ही सोय आजच्या कुठल्या पंपात आहे? पण भाग मिळवणं जिकिरीचं, आणि दुसऱ्या मॉडेल १२ चा भाग कानस न लावता बसेलच असं नाही. हाताने जुळवण्याचा तोच तोटा.

इथाका ३७ (१९३७ पासून) खालूनच भरते आणि खालूनच टाकते. बाजूला खिडकी नाही, पाऊस-चिखल आत कमी जातो. नळी बदलायची असेल तर सिरियल ८,५५,००० च्या वरची बघा, खालच्यांना नळी जुळवून घ्यावी लागते.

एक सावधगिरी. मॉडेल १२ आणि जुन्या ३७ मध्ये डिसकनेक्टर (दर बाराला चाप सोडायला लावणारा भाग) नाही. चाप दाबून धरला आणि ॲक्शन बंद केली की बार उडतो. ८७० वर हात बसलेल्या माणसाने पहिल्या दिवशी एकेकच काडतूस भरावं.

---

ट्रॅपशिकाऊ_मिशिगन

धन्यवाद मंडळी, बदकांचा मुद्दा डोक्यातच नव्हता.

एक्स्प्रेस पुन्हा पाहिली. ठिपक्यांना नख अडत नाही. विकणारा प्रामाणिक निघाला, म्हणाला बल्क पॅकची (स्वस्त ठोक) काडतुसं उडाल्यावर चिकटतात, फोरएंडला हिसका द्यावा लागतो. चेंबरचंच का? उपाय लिहाल का, मास्तर? आणि विंगमास्टरमध्ये काही अडकण्यासारखं आहे का?

---

लेथमास्तर

चेंबरचंच असावं. खात्री करायची असेल तर चिकटलेलं रिकामं काडतूस घ्या आणि धातूची टोपी तिरप्या उजेडात फिरवा. टोपीभोवती केसाएवढ्या बारीक समांतर रेघा उमटलेल्या दिसतील. तो चेंबरमधल्या रीमरच्या रेघांचा ठसा. मग त्याच टोपीला चुंबक लावा. चिकटला तर टोपी पोलादी, वर नुसता पितळी मुलामा. पितळ फुगतं आणि लगेच आक्रसतं, पोलाद तेवढं परत येत नाही, म्हणून रेघांत धरून बसतं. आधी पितळी टोपीच्या काडतुसांचा एक डबा मारून बघा. ती सुरळीत निघाली तर निदान पक्कं.

चेंबर पॉलिश करायला अर्धा तास लागतो.

नळी काढा. चेंबर सॉल्व्हंटने धुवून कोरडं करा, आधीचा प्लास्टिकचा थर राहू देऊ नका. क्लीनिंग रॉडचा एकच तुकडा घ्या, त्याला २० बोअरचा जुना ब्रश, ब्रशवर ०००० स्टील वुल गुंडाळा. चेंबरमध्ये अंगठ्याच्या दाबाने जाईल एवढं जाड. तेलात भिजवा. रॉड ड्रिलमध्ये धरा, वेग कमी, चेंबरमध्ये घालून मगच ड्रिल चालू करा आणि पुढे-मागे हलवत राहा. तीस सेकंद. थांबा, पुसा, बघा. पुन्हा तीस सेकंद. तीन-चार वेळांत चकाकी येते.

चेंबरच्या पुढे नळीचा व्यास निमुळता होतो तिथे थांबायचं. एका जागी फिरवत राहायचं नाही, खळगा पडतो. सॅंडपेपर तर आणूच नका. रेघा पूर्ण घालवायच्या नाहीत, त्यांची टोकं बोथट करायची आहेत. नखाला जाणवलं नाही की पुरे.

शेवटी सगळ्यात कंटाळवाणं काम: एक्स्टेन्शनच्या खाचेतून वुलचे तंतू काढणं. तिथे राहिलेला एक तंतू लॉकिंग ब्लॉकखाली गेला तर ॲक्शन नीट बंद होत नाही. चेंबर पुसून कोरडं ठेवा, वापरताना आत तेल नको.

विंगमास्टरबद्दल: ट्रिगर गट काढून कॅरियर बघा. दोन पिना पंचने बाहेर ढकलल्या की गट खाली निघतो. कॅरियर अखंड पत्र्यासारखा असेल तर जुना नमुना. काडतूस लॅचपर्यंत पुरतं न ढकलता सोडलं तर ते मागे सरकून बोल्ट आणि कॅरियरच्या मध्ये अडकतं, आणि मग ॲक्शन ना उघडते ना बंद होते. कॅरियरवर इंग्रजी यू अक्षरासारखी चीर असेल तर नवा नमुना, फ्लेक्सिटॅब. त्यात ती जीभ वाकते आणि फोरएंड जोरात मागे ओढून सुटका होते. जुन्यावर नवा कॅरियर आणि जोडीचा स्लाइड दोन्ही बदलावे लागतात, नुसता कॅरियर बदलून उपयोग नाही. ट्रॅपवर एकेक काडतूस भरणार असाल तर याची गरजच नाही.

मॅगझिनची स्प्रिंग मात्र बदलून टाका. पन्नास वर्षांची स्प्रिंग शेवटचं काडतूस आळसावून ढकलते.

---

दोनपट्टी

भागांची काळजी करू नका. रेमिंग्टनचा इलियनचा जुना कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद झाला, उत्पादन जॉर्जियात लग्रेंजला गेलं, पण ८७० एक कोटीहून जास्त बनल्या आहेत. एक्स्ट्रॅक्टर, लॅच, स्प्रिंगा अजून कितीतरी वर्षं मिळतील.

एक्स्प्रेसला मॅगझिन एक्स्टेन्शन लावायचा विचार असेल तर ट्यूबच्या तोंडाशी आतल्या बाजूला दोन उंचवटे बघा. ते सपाट केल्याशिवाय फॉलोअर पुढे जात नाही. ट्रॅपला आणि बदकांना त्याची गरज नाही, स्थलांतरी पक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं चालतात. उलट मॅगझिनमध्ये लाकडी प्लग आहे का ते पाहून घ्या, जुन्या बंदुकांतला हरवलेला असतो.

---

जुना_बार

विषय निघालाच आहे तर. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. तो खिशात असू द्या आणि बंदूक घेताना भरायच्या ४४७३ फॉर्मवर त्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचून लिहा. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न नाही.

माझं मत: विंगमास्टर आणि रेमचोक नळी. ३० डॉलर कमी करून मागा, फिक्स्ड फुल चोकला गिऱ्हाईक कमी असतं.

---

लेथमास्तर

मी एक्स्प्रेस घेईन. नख अडत नाही, चेंबर अर्ध्या तासात सुधारतं, नळीत चोक बदलता येतात आणि तीन इंची काडतूसही चालतं. वाचलेल्या सव्वाशे डॉलरमध्ये एक्स्ट्रॅक्टर आणि ट्रॅपची काडतुसं येतील. फक्त नळीवर 'रेमचोक' लिहिलंय का आणि चोक ट्यूब हाताने निघते का, हे पैसे देण्याआधी बघा. गंजून बसलेली ट्यूब काढताना नळीचे आटे गेले तर सगळं गणित फिसकटेल.